एका शिवराईचा डाग: वाई ते मिरज

स्वारगेटला जायला मी दारात चपला घालत होते आणि चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई खुर्चीतून सूचना देत होती. बाहेरचं पाणी पिऊ नकोस, खिडकीतून हात बाहेर काढू नकोस, एस.टी.त झोपू नकोस. मी पंचावन्न वर्षांची आहे हे तिला अधूनमधून सांगावं लागतं. शेवटची सूचना मात्र वेगळी होती.

"आणि त्या कासमचा मुलगा भेटलाच, तर विचार त्याला. शिवराई कितीला विकली म्हणावं."

इथं थोडं मागे जायला हवं. मी तांब्याची जुनी नाणी जमवते. बायका साड्या जमवतात तशी मी ढब्बू पैसे, पै आणि युद्धकाळातले भोकाचे पैसे जमवते. नवरा म्हणतो, घरात सोनं नाही पण मोड भरपूर आहे. हा नाद मला नानांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून लागला. नाना वाईला शाळामास्तर होते. त्यांचं मूळ गाव वाळव्याच्या बाजूचं, कृष्णाकाठचं, बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांनी अनेकदा पालथं घातलेलं. भूमिगत कार्यकर्ते रात्री-अपरात्री गावात यायचे. नाना सांगायचे की या कार्यकर्त्यांजवळ खूण म्हणून एक जुनी शिवराई असायची, कडेला कानशीनं खाच पाडलेली. शिवराई तेव्हा बाजारात चालत नव्हती, म्हणून ती चुकून खर्च व्हायची भीती नव्हती. ती दाखवली की घरच्यांनी भाकरी वाढायची. नाव-गाव विचारायचं नाही, आणि पुढं कुणी कितीही दरडावलं तरी सांगायचं नाही. ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही. माझ्याजवळ फक्त नानांचा शब्द आहे आणि त्यांनी गावातून मिळवलेली नाणी.

अशा खाचेच्या शिवराया त्यांना पाच मिळाल्या होत्या. नाना गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आईनं त्यांचा पत्र्याचा डबा उघडला, तर चार कागदी पुड्यांत नाणी होती आणि पाचवी रिकामी. प्रत्येक पुडीवर नानांच्या सुंदर अक्षरात वर्णन होतं: 'खाच खोल', 'कडा झिजलेली', 'हिरवट'. रिकाम्या पुडीवर लिहिलं होतं, 'दुदांडी. डाग. कासम, मिरज.'

दुदांडी म्हणजे 'छत्र' आणि 'पति' या अक्षरांच्या मधोमध दोन रेघा असलेली शिवराई. कासम म्हणजे वर्षातून एकदा आमच्या आळीत येणारा कल्हईवाला. आईनं दोन आणि दोन चार केले. नाण्यावर डाग पडला म्हणून नानांनी साफ करायला दिलं असणार, आणि यानं लांबवलं. त्या वर्षी कासमभाई दिवाळीआधी आले तेव्हा तिनं उंबऱ्यावरच त्यांना सुनावलं. आधी मास्तरांचा पैसा आणा, मगच पाऊल आत टाका. मी मागे उभी होते. ते काहीच बोलले नाहीत. भात्याची पिशवी उचलून गेले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

गेल्या महिन्यात पुड्या चाळताना ती रिकामी पुडी पुन्हा हातात आली आणि मी ठरवलं, जायचंच. चोरी पकडायला नव्हे. ते नाणं कुणाकडे असेल तर मागेल ती किंमत देऊन घेऊन यायचं, आणि कासमभाईंच्या घरचं कुणी भेटलं तर "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणून यायचं. म्हणजे मी क्षमा करायला निघाले होते. आत्ता हे लिहिताना लाज वाटते आहे, पण जे होतं ते असं होतं.

पहिला दिवस: वाई

पुणे ते वाई एस.टी.नं अडीच-तीन तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मैत्रिणींनो, गाडी काढायच्या भानगडीत पडू नका. सकाळची गाडी धरा. खंबाटकीच्या अलीकडे ट्रक अडकले की सगळं गणित कोलमडतं. माझ्या शेजारच्या बाईंनी तेवढ्या वेळात सुनेचं पूर्ण चरित्र सांगितलं आणि उतरताना म्हणाल्या, "तशी गुणाची हाय हो."

आमचं वाईचं भाड्याचं घर पाडून तिथं आता तीन मजली इमारत उभी आहे. मी त्या आळीत फार रेंगाळले नाही. घाटावर गेले. फेब्रुवारीतलं नदीचं पाणी खाली गेलं होतं, पायऱ्या ऊन खात होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ धोतर वाळत घालत होते. ते आमच्या आळीतले तात्या निघाले, पूर्वी घाटाजवळ किराणा दुकान चालवणारे. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "मास्तरांची का तू? नाक त्यांचंच हाय."

कासमभाईंचं नाव काढताच त्यांना आठवलं. "कल्हईवाला कासम व्हय! लय सरळ माणूस. मिरजंला दर्ग्याच्या मागं घर हुतं त्याचं. पर येकाएकी यायचाच बंद झाला बघ. आमच्या घरची भांडी तशीच पडली दोन वरसं."

 का बंद झाला हे मी तात्यांना सांगितलं नाही.

दुसरा दिवस: सातारा

सातारा वाईहून तासाभरावर. इथं मी कंदी पेढे घेतले (डबा घेण्याआधी एक चाखायला मागा, देतात) आणि एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. नवख्या नाणेप्रेमींसाठी दोन गोष्टी सांगते. एक, टेबलावर ढिगानं पडलेल्या 'अस्सल शिवराया' बहुतेक हल्ली ओतलेल्या असतात. कडेला सांधा दिसतो का ते नखानं चाचपा. दोन, खरं नाणं मिळालं तर घरी नेऊन चिंचेनं घासू नका. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आधी तांबं घासतात. मी एकदा एका घरी नाणी बघायला गेले तर गृहिणीनं माझ्या मानासाठी सगळी लखलखीत करून ठेवली होती. दीड-दोनशे वर्षांत चढलेला काळसर थर सकाळी आठ वाजता मोरीत गेला होता आणि मला वर चहा पिऊन "छान" म्हणावं लागलं.

दुकानदाराला मी खाचेच्या शिवराईबद्दल विचारलं. चष्मा कपाळावर चढवत तो म्हणाला, "खाच हाय म्हणता? मग माल डॅमेज झाला की ओ ताई. खाच पडली की नाण्याला कोण विचारत न्हाई."

"पण ती खाच मुद्दाम पाडलेली असेल तर?"

"आमी गिऱ्हाइकाला काय सांगायचं? मुद्दाम बिघडवलंय?"

त्याचं बोलणं व्यवहाराचं होतं. तरीही मी त्याच्याकडून दोन भोकाचे पैसे घेतले, कारण रिकाम्या हातानं दुकानातून निघणं मला जमत नाही. हा आजार आहे.

तिसरा दिवस: सांगली, मग मिरज

साताऱ्याहून सांगली कराडमार्गे तीन-साडेतीन तास. रस्त्याची कामं चालू आहेत, धूळ खायची तयारी ठेवा. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रेंगाळली की डबा उघडून जेवून घ्या. सांगलीत उतरलं की या दिवसांत नाकाला आधी हळद कळते. बाजाराच्या बाजूला हमालांचे सदरे, रस्त्यावरचे दगड, एका झोपलेल्या कुत्र्याची पाठ, सगळ्यांवर पिवळी पूड. मी भडंग घेतली. दुकानदारानं तिखट की साधी विचारलं, मी ऐटीत तिखट म्हटलं आणि पुढं अर्धा तास नाक पुसत फिरले.

भांड्यांच्या दुकानांत स्टीलच स्टील. कल्हई म्हटल्यावर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी मोडीची भांडी घेणाऱ्या एका दुकानातल्या मालकीणबाईंनी सांगितलं, "दस्तगीरभाईकडं जावा. मिरजंला. आता त्येच येकटे ऱ्हायलेत. त्येंचं वडील कासमभाई लय नावाजलेलं हुतं."

सांगली-मिरज सिटी बस आहे, पण मी वडापच्या रिक्षात बसले. तिघांच्या जागेत पाच. दर्ग्यामागच्या गल्ल्यांत शिरताना सतारी करणाऱ्यांची दुकानं लागतात. छताला वाळलेले मोठाले भोपळे टांगलेले. एक कारागीर भोपळ्यावर बोटानं टकटक करून कान लावत होता. मी थांबून विचारलं तर म्हणाला, "चीर डोळ्याला दिसत न्हाई, पर आवाज लपत न्हाई." मला ते वाक्य आवडलं म्हणून वहीत लिहून घेतलं. त्याचा मला उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दस्तगीरभाईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. नवसागराचा झोंबणारा वास, कोळशाची भट्टी, भिंतीला टेकवलेली दोन पितळी पातेली. साठी ओलांडलेला, पांढऱ्या दाढीचा, बारीक माणूस. मी वाईच्या मास्तरांची मुलगी म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. क्षणभर वाटलं, जा म्हणतील. ते आत बघून बायकोला म्हणाले, "चाय ठेव गं. वाईचं पावनं आलंय."

 मी ती रिकामी पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं.

"बरोबर हाय की," म्हणाले. "डाग."

"कसला डाग पडला होता नाण्यावर?"

"पडलेला न्हवं वो ताई." ते उठले, एक पातेलं उपडं केलं आणि तळाशी बोट ठेवलं. तिथं शिशासारखा करडा, गोल ठिपका होता. "ह्यो डाग. भांडं गळाय लागलं की तांब्याचा तुकडा बसवून डाग देतो आमी. डागडुजी म्हणता न्हवं तुमी? त्यातला डाग."

मी मराठी घरात, मास्तरांच्या पोटी जन्मले. डागडुजी हा शब्द आयुष्यभर वापरला. त्यातल्या डागाकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. माझ्या आईनं त्या शब्दात कलंक वाचला आणि मी, नाण्यांच्या नादात, गंज वाचला. नानांनी साधी नोंद केली होती. पाचवी शिवराई डाग द्यायला वापरली.

"कशाला डाग दिला?" मी विचारलं.

"तुमच्या आईसाहेबांच्या हंड्याला. म्हायेरचा तांब्याचा हंडा हुता त्येंचा. त्येंची आई वारल्याली, तिची तेवढीच आठवण. बाळंतपणाला त्या म्हायेरी गेलेल्या, तवा मास्तरांच्या हातनं हंडा माळ्यावरनं पडला अन् खाली पाट्यावर आपटला. तळ फुटला. आमचं अब्बा त्या टायमाला वाईतच हुतं. मास्तर लय घाबरल्याले. म्हणले, कासम, ती यायच्या आत करून दे. अब्बांकडं जाड पत्रा न्हवता. तवा मास्तरांनी डबा उघडून तो पैसा दिला. अब्बा म्हणलं, मास्तर, एवढा जपून ठेवलेला पैसा? तर म्हणले, तिच्या हंड्याला दुसरं तांबं नको."

आतून चहा आला. दस्तगीरभाईंनी बशी माझ्याकडे सरकवली आणि पुढचं सांगितलं.

"पैसा हातावर ठेवताना मास्तरांनी इचारलं, ह्या पैशाचा कायदा म्हाईत हाय का कासम? इचारायचं न्हाई, सांगायचं न्हाई. दोघं हसलं. अब्बांनी डाग दिला, वर लाख थापली, कुणाला कळू ने म्हणून."

"पण नाना गेल्यावर आईनं जेव्हा उंबऱ्यावर सुनावलं, तेव्हा तरी सांगायचं ना! एक वाक्य पुरलं असतं."

"आमची अम्मा बी हेच म्हणली. लय भांडली. तर अब्बा म्हणलं, ती बाई नुकती उघडी पडल्या. तिला काय सांगू? तुझ्या आईचा हंडा तुझ्या नवऱ्यानं फोडला अन् तुझ्यापासनं लपवला? शब्द मास्तरांना दिलाय. मास्तर ऱ्हायलं न्हाईत म्हणून शब्द मोडायचा व्हय?"

"आणि वाईला यायचे बंद झाले."

"वाई, पाचवड, ती सगळी फेरीच सोडली. त्या अंगाला कामं लय असायची. कुणी इचारलं तर म्हणायचं, तिकडचं पाणी सोसंना." ते हसले. "पर चोर म्हणून गेलो याचं लय लागलं हुतं त्यास्नी. मरायच्या आधी येकदा बोलून दाखवलं."

मी क्षमा करायला निघाले होते हे वर सांगितलंच आहे. आता मी त्या खोलीत बसून रडत होते आणि दस्तगीरभाईंच्या पत्नी माझ्या पाठीवर हात फिरवत "जाऊ द्या ताई, चा निवतोय" म्हणत होत्या. मी दस्तगीरभाईंचे हात धरले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी ल्हान हुता."

तेवढ्यात मला दुसरंच आठवलं. हंडा आमच्या पुण्याच्या बाल्कनीत आहे. त्यात मनी प्लांट आहे. आणि पाणी निचरावं म्हणून मीच नर्सरीवाल्याला सांगून त्याच्या तळाला भोक पाडून घेतलं आहे.

तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "बाल्कनीतल्या हंड्याला हात लावू नका."

"मी आजवर कधी लावलाय?" तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

परत घरी

मिरजेहून पुण्याला रेल्वे सोयीची. साताऱ्याच्या बाजूचे डोंगर दुपारच्या उन्हात बघायचे असतील तर खिडकी धरा. मी धरली होती, पण बघितलं काहीच नाही. सहा तास मनात नर्सरीवाल्याचं ड्रिल फिरत होतं. शिवराईच्या मधोमध गेलं असेल तर? नानांचा, कासमभाईंचा, आणि त्या आधी कुणा उपाशी माणसाच्या मुठीत राहिलेला तो पैसा मीच भोकाचा करून ठेवला असेल तर?

घरी पोचल्यावर पाय न धुताच बाल्कनीत गेले. वेल उपटली, माती वर्तमानपत्रावर ओतली, हंडा उपडा केला. आई काठी टेकत दारापर्यंत आली. "आल्या आल्या काय मांडलंयस?"

भोक होतं. त्याच्यापासून दोन बोटांवर काळा, टणक थर होता. मी तो नखानं, मग चमच्याच्या दांड्यानं सावकाश खरवडला. आधी 'छत्र' दिसलं, मग दोन रेघा. कडेशी करडा डाग होता, आणि एका जागी, डागातूनही ओळखू येणारी, खाच.

मी आईला बसवलं, हंडा तिच्या मांडीवर ठेवला, तिचं बोट त्या खाचेवर नेलं आणि सगळं सांगितलं. पाटा, माळा, जाड पत्रा, शब्द. ती मध्ये एकदाही बोलली नाही, आणि माझ्या आईच्या बाबतीत ही बातमी आहे. सांगून झाल्यावर तिनं हंड्याला बोटाच्या पेरानं टिचकी मारली. आवाज बद्द आला.

"हंडा फुटलेला मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुला घेऊन घरी आले त्याच दिवशी. पाणी ओतलं आणि आवाज बदललेला. माझ्या आईचा हंडा, मला त्याचा आवाज कळणार नाही? यांनीच पाडला असणार. इतके गोड वागत होते महिनाभर. मी म्हटलं, राहू दे, लपवतायत तर लपवू दे. माझ्यासाठीच घाबरलेत ना. पण डाग कशाचा दिला ते बघायचं काही सुचलं नाही मला."

नानांनी तिच्यापासून लपवलं होतं आणि तिनं ते माहीत असल्याचं नानांपासून लपवलं होतं. दोघांनी एकमेकांना जपलं. या जपण्यात तिसरा माणूस उंबऱ्यावर चोर ठरला, आणि जी गोष्ट लपवण्यासाठी तो चोर ठरला, ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

आईनं पदरानं हंड्याचा तळ पुसला. मग म्हणाली, "त्या मुलाला फोन लाव."

मी लावून दिला. मला वाटलं, ती माफी मागेल. तिनं मोठ्यांदा, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं विचारलं, "दस्तगीर, मी मास्तरांच्या घरून बोलतेय. आमच्याकडे कल्हईची खूप भांडी तुंबलीत. कधी येतोस?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आईचं "बरं, बरं" चालू होतं आणि डोळ्यांतून पाणी. मग ती म्हणाली, "तुझ्या अब्बांना मी..." आणि फोन माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या म्हणावं त्यास्नी," दस्तगीरभाई मला म्हणाले. "मंगळवारी येतो. हंड्याचं भोक बुजवाय तांबं लागंल, जाड."

तांबं मी काढून ठेवलं आहे. उरलेल्या चार पुड्यांपैकी 'खाच खोल' लिहिलेली. संग्रह करणाऱ्यांना हे वेडेपणाचं वाटेल, तसा तो असेलही. पाचव्या पुडीवर नानांच्या ओळीखाली मी माझ्या अक्षरात शिवराई सापडल्याची तारीख घातली आहे, आणि 'खाच खोल'च्या पुडीवर लिहिलं आहे, 'डाग. दस्तगीर, मिरज.'

एकच अडचण आहे. आमच्या घरी कल्हईचं एकही भांडं नाही. सगळं स्टील आणि नॉनस्टिक. आईला हे माहीत नाही असं नाही. त्यामुळे गेले तीन दिवस मी शेजारणींच्या, मावशीच्या, नवऱ्याच्या आत्याच्या माळ्यांवरून पितळी पातेली गोळा करत फिरते आहे. अकरा झाली आहेत. बाल्कनीत ओळीनं मांडली आहेत. आई रोज सकाळी येऊन मोजते आणि म्हणते, अजून दोन-तीन आण, एवढ्या लांबून येणाराय तो. आणि मंगळवारी बेल वाजायची वाट बघू नकोस, दार आधीपासून उघडं ठेव.